अल्झायमरच्या घरात संस्कारांची परीक्षा कशाला?

दर वर्षी २१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन येतो आणि त्याच्या आगेमागे मराठीत दोन ठरावीक सूर लागतात. एक सूर संस्कारांचा: एकत्र कुटुंबं मोडली, मुलं परदेशी गेली, सुनांना म्हातारी माणसं नकोशी झाली, म्हणून आईवडील स्मृती हरवून वृद्धाश्रमात पडले. दुसरा सूर उपायांचा: शब्दकोडी सोडवा, अक्रोड खा, हळदीचं दूध घ्या, आणि आता तर अमेरिकेत औषधही निघालंय. पहिला सूर अपराधी वाटायला लावतो, दुसरा धीर देतो. पण दोन्ही शेवटी एकाच जागी येऊन थांबतात, की हा ज्याच्या त्याच्या घरातला मामला आहे आणि ज्याने त्याने तो निस्तरावा. मला हे दोन्ही सूर चुकीचे वाटतात. अल्झायमर मेंदूत होतो. कुणाच्या मायेने तो टळत नाही आणि कुणाची माया आटली म्हणून होतही नाही. झाल्यावर मात्र त्याला रात्रंदिवस, वर्षानुवर्षं माणसाचे हात लागतात. ते हात कुणाचे, त्यांना मोबदला किती आणि उसंत कधी, हा नळाच्या पाण्याइतकाच सार्वजनिक प्रश्न आहे.

या आजाराचा इतिहासच मुळी एका घराच्या हतबलतेपासून सुरू होतो. १९०१ साली फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. नवरा रेल्वेत कारकून. आधी तिला नवऱ्याचा संशय येऊ लागला, मग विसर पडू लागला, मग स्वयंपाकात गोंधळ, रात्रीचा आरडाओरडा. त्याला घरी सांभाळणं अशक्य झालं. १९०६ साली ती वारली तेव्हा डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशींच्या बाहेर पदार्थ साचून झालेले ठिपके आणि पेशींच्या आत गुंतलेले धागे त्यांना दिसले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्यूबिंगेनच्या सभेत त्यांनी ते मांडलं आणि १९१० साली एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात आजाराला त्यांचं नाव दिलं. गंमत पुढे आहे. त्यानंतरची कितीतरी दशकं हे नाव फक्त पासष्टीच्या आतल्या दुर्मिळ रुग्णांसाठी वापरलं जाई. पंचाहत्तरीचा माणूस अगदी तसाच वागला तर ते वयोमान. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलमध्ये ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ या डॉक्टरांनी १९६८ साली वृद्धांच्या मेंदूतही तेच ठिपके मोजून दाखवले, आणि १९७६ साली अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी ठणकावून सांगितलं, की हे दोन आजार नाहीत, एकच आहे. वैद्यकाला एवढं कळायला सत्तर वर्षं लागली. आपल्याकडे घरोघरी अजून १९७६च्या आधीचाच काळ चालू आहे. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून द्यायचं, आणि सोडून देता येईनासं झालं की सुनेकडे बोट दाखवायचं.

मेंदूत नेमकं काय होतं हे नीट कळलं तर घरातले निम्मे आरोप गळून पडतील. चेतापेशीच्या आवरणात एपीपी नावाचं प्रथिन असतं. त्याचे तुकडे पडताना बीटा-अमायलॉइडचा एक तुकडा निघतो. त्यातला ४२ अमिनो आम्लांचा प्रकार विशेष चिकट. त्याचा निचरा झाला नाही की तो पेशींच्या मधल्या जागेत साचत जातो. पेशीच्या आत टाऊ नावाचं दुसरं प्रथिन वाहतुकीच्या बारीक नळ्यांना आधार देत असतं. ते बिघडलं की त्याचा गुंता होतो, वाहतूक बंद पडते आणि पेशी मरते. हे सगळं पहिलं लक्षण दिसण्याआधी पंधरा-वीस वर्षं चालू असतं. पंचाहत्तरीत दिसलेला आजार पंचावन्न-साठीत सुरू झालेला असतो, पुष्कळ घरांत तर सून उंबरठा ओलांडण्याआधी.

टाऊची पहिली झळ लागते ती हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारच्या पट्ट्याला, म्हणजे नव्या घटनांची नोंद करणाऱ्या भागाला. म्हणून लग्नातले उखाणे आठवतात आणि सकाळचा चहा आठवत नाही. एकच प्रश्न दहा वेळा विचारणं हा हट्ट नसतो. आधीच्या नऊ उत्तरांची नोंदच झालेली नसते. बांगड्या तांदळाच्या डब्यात ठेवल्या जातात, ठेवल्याची नोंद होत नाही, नेहमीच्या जागी त्या सापडत नाहीत. मेंदू मग या रिकाम्या जागेचं काहीतरी स्पष्टीकरण शोधतो आणि चोरीचा आळ येतो तो समोर असलेल्या माणसावर, म्हणजे बहुधा सर्वांत जास्त करणाऱ्या व्यक्तीवर. उलट बोलण्यातली रीत, विचारपूस, आदरातिथ्य या सवयी जुन्या आणि खोल असतात, त्या बराच काळ टिकतात. न्यू जर्सीहून दहा दिवसांसाठी आलेल्या मुलाशी आई छान गप्पा मारते आणि तो म्हणतो, ‘‘आईला तर काहीच झालेलं नाही, वहिनीच राईचा पर्वत करतेय.’’ पुष्कळ घरांत भांडणाला तोंड फुटतं ते इथेच. दोघांनी जे पाहिलं ते खरंच असतं. फक्त एकाने चहाच्या वेळचं पाहिलेलं असतं आणि दुसरीने रात्री अडीचचं.

संस्कारांच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा एकटेपणाचा आहे, आणि तो मी मान्य करतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ सालच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाचे, म्हणजे अल्झायमर ज्यात मोडतो त्या आजारांच्या गटाचे, बदलता येण्याजोगे १४ धोके मोजले. ते सगळे दूर करता आले तर जगातली सुमारे ४५ टक्के प्रकरणं टळतील किंवा लांबतील असा त्यांचा अंदाज आहे. त्यात सामाजिक एकटेपणाचा वाटा ५ टक्के. पण त्याच यादीत मध्यम वयात कमी झालेल्या ऐकू येण्याचा वाटा ७ टक्के, वाईट कोलेस्टेरॉलचा ७ टक्के, अपुऱ्या शिक्षणाचा ५ टक्के. शिवाय मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, डोक्याला मार, प्रदूषित हवा, कमी झालेली दृष्टी. बदलता न येणारी कारणं निराळीच: सर्वांत मोठं वय, मग एपीओई-४ हे जनुक, ज्याची एक प्रत असली तर धोका साधारण तिप्पट आणि दोन असल्या तर आठ-बारा पट. थेट आईवडिलांकडून येणारा प्रकार एक टक्क्याहून कमी. या यादीत नालायक मुलगा कुठे बसतो? आणि एकटेपणाचाच विचार करायचा तर घरात सून असल्याने तो जातोच असं नाही. कट्टा, भजनी मंडळ, वाचनालय आणि तिथवर न पडता जाता येईल असा फूटपाथ यांनी तो कमी होतो. वडिलांना कानाचं यंत्र घेऊन देणारा आणि ते वापरायला लावणारा मुलगा आजार टाळण्यासाठी जे करतो, ते शंभर नमस्कारांनी होत नाही.

दोषारोपाचा हा खेळ आपल्याकडे चांगला नोंदलेला आहे. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स या मनोविकारतज्ज्ञांनी गोव्यात केलेला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. लोकांना लक्षणं ओळखता येत होती, पण कारण विचारलं की उत्तर येई: मुलांनी केलेली आबाळ, छळ, प्रेमाची उणीव. त्याच अभ्यासात आणखी काही दिसलं. घरची काळजी समजली जाते तितकी भरवशाची नव्हती. पुष्कळदा ती इस्टेट मिळण्याच्या अपेक्षेला बांधलेली होती. वृद्धांच्या मनात परावलंबी होण्याची धास्ती होती. आणि ज्यांना निवासी संस्थेची सर्वांत जास्त गरज, त्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांनाच तिथे प्रवेश नव्हता. आजार म्हणजे घराच्या पापाचा पुरावा असं ठरलं की घर काय करतं? लपवतं. लपवलं की निदान उशिरा, उपचार उशिरा, कागदपत्रं तर कधीच नाहीत. अमेरिकेत १९५० आणि ६०च्या दशकांत स्वमग्न मुलांच्या बाबतीत हेच झालं. आईची माया गोठलेली म्हणून मूल स्वमग्न, असं ब्रुनो बेटलहाइमसारखे नामवंत सांगत राहिले आणि एका अख्ख्या पिढीतल्या आया गुन्हेगार ठरल्या. तो सिद्धांत पुढे कचऱ्यात गेला, पण तोवर मुलांच्या शाळांवर लागायला हवे होते ते पैसे आणि ती वर्षं आयांच्या मनोविश्लेषणावर गेली. वृद्धांच्या बाबतीत आपण तीच चूक उलट्या दिशेने करतो आहोत: तिथे आई आरोपी होती, इथे मुलं.

‘‘पण पूर्वी एकत्र कुटुंबात हे सगळं होतच होतं ना?’’ होतं, पण किती जणांचं? स्वातंत्र्याच्या सुमारास भारतातलं सरासरी आयुर्मान बत्तिशीच्या आसपास होतं. बालमृत्यूंमुळे तो आकडा खाली ओढला जाई हे खरं, तरी ऐंशी पार करणारी माणसं गावात बोटांवर मोजण्याइतकी. आज देशात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना स्मृतिभ्रंश आहे असं २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या लासी-डॅड या राष्ट्रीय पाहणीचा अंदाज सांगतो. त्यात सर्वाधिक अल्झायमरच. स्त्रियांत प्रमाण ९ टक्के, पुरुषांत ५.८. आणि हा शहरी, सुटसुटीत कुटुंबांचा रोग आहे असं समजणाऱ्यांनी पुढचा आकडा वाचावा: खेड्यांत ८.४ टक्के, शहरांत ५.३. वाड्यातल्या त्या मोजक्या वृद्धांचं करत तरी कोण होतं? पुष्कळ घरांत ती असे आलवणातली विधवा आत्या किंवा काकू, जिला दुसरीकडे जायला वाटच नव्हती. तिच्या शुश्रूषेला आपण संस्कार म्हटलं, कारण तिला नाही म्हणण्याची सोय नव्हती. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला तेव्हा सनातन्यांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली आणि त्यांना बहिष्कार सोसावा लागला. पुढे रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने अशाच बायकांना परिचारिकेचं शिक्षण देववलं आणि घरी फुकट होणाऱ्या कामाला पगार मिळाला. त्याने महाराष्ट्र बुडाला का? मग आज आजीला दिवसा सांभाळणारं केंद्र काढायचं म्हटलं की घर मोडल्याची ओरड का होते?

आता संस्थांविरुद्धचा रास्त आक्षेप. ओळखीचं घर, ओळखीची भाषा, देवघर आणि ताटातली रोजची आमटी यांनी रुग्ण शांत राहतो. जागा बदलली की गोंधळ वाढतो. पुष्कळ संस्थांमध्ये माणसं खाटेला बांधून ठेवतात, एका पाळीत एक मावशी वीस जणांना पाहते, आणि ‘त्रास देणाऱ्या’ रुग्णाला झोपेत ठेवण्यासाठी रिस्पेरिडोन, ओलान्झापिन अशा गोळ्या सर्रास दिल्या जातात. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत या गोळ्यांनी मृत्यूचा धोका वाढतो असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच छापायला लावला होता. हे सगळं खरं आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष कोणता? संस्थांना परवाना, तपासणी, दर पाळीत किती माणसं असावीत याचा नियम, बांधून ठेवल्याची आणि शामक गोळ्यांची नोंदवही हवी, हा. ‘म्हणून घरीच ठेवा’ हा नव्हे. बांधणं आणि गुंगीत ठेवणं घरांतही चालतं. तिथे ते कुणी तपासत नाही एवढाच फरक.

घरी ठेवा असं म्हणणाऱ्यांनी एकदा तास मोजावेत. आठवड्यात १६८ तास. ब्युरोकडून बारा तासांची मावशी आठवड्यातले सहा दिवस लावली तर तिचे ७२ तास. उरले ९६, आणि आजाराच्या मधल्या टप्प्यात रुग्णाला दहा मिनिटंही एकटं सोडता येत नाही. त्या तासांत काय करायचं असतं? दर दोन तासांनी संडास-लघवीला नेणं, कारण लागलेली त्यांना कळत नाही किंवा सांगता येत नाही. अंघोळ रोज एकाच वेळी, पाणी आधी काढून, पायांपासून सुरुवात करून, एका वेळी एकच सूचना देत. डोक्यावर एकदम तांब्या ओतला की घाबरून हात उगारला जातो आणि मग ‘मारकुटे झालेत’ असा शिक्का बसतो. दिवेलागणीला अस्वस्थपणा वाढतो, ‘‘मला घरी जायचंय’’ सुरू होतं. अंधारायच्या आधीच दिवे लावणं, दुपारनंतर चहा न देणं, वाद न घालता अंगणात एक फेरी मारून आणणं याने तो थोडा उतरतो. गॅसचा रेग्युलेटर रात्री बंद, न्हाणीघराची आतली कडी काढलेली, सदऱ्याच्या खिशात फोन नंबर शिवलेला. पुढच्या टप्प्यात गिळणं बिघडतं. पाण्यासारखे पातळ पदार्थच आधी ठसका लावतात, म्हणून घट्टसर पेज, ताठ बसवून, लहान चमच्याने, आधीचा घास गिळला का हे तोंड पाहून, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं न करता. यात चूक झाली की अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. या आजारातल्या पुष्कळ मृत्यूंचं कारण तेच. अंथरुणाला खिळल्यावर दर दोन तासांनी कूस, रात्रीसुद्धा. निदानानंतर हे चार ते आठ वर्षं सहज चालतं, काहींचं वीसही. जगभरात बिनपगारी काळजी घेणारे रोज सरासरी पाच तास देतात आणि त्यातले ७० टक्के तास स्त्रियांचे असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या घरांत तो वाटा ७० वरच थांबत असेल यावर कोण विश्वास ठेवेल?

औषधवाल्यांचा मुद्दाही थट्टेवारी नेण्यासारखा नाही. लेकॅनेमॅब हे अमायलॉइड काढून टाकणारं औषध अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये पूर्ण मंजूर झालं, डोनानेमॅब जुलै २०२४ मध्ये. रोगाचा वेग प्रत्यक्षात कमी करणारी ही पहिली औषधं. विज्ञान म्हणून मोठी गोष्ट. पण घराच्या दृष्टीने ती किती मोठी? लेकॅनेमॅबच्या चाचणीत १,७९५ रुग्ण होते. अठरा महिन्यांनी औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यात १८ गुणांच्या मापनपट्टीवर ०.४५ गुणांचा फरक पडला. दोन्ही गटांची घसरण चालूच होती. औषध निदान सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी शिरेतून द्यावं लागतं, आधी मेंदूत अमायलॉइड आहे हे बहुधा पेट स्कॅनने किंवा पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून सिद्ध करावं लागतं, आणि मेंदूला सूज किंवा सूक्ष्म रक्तस्राव होतो का हे पाहायला वारंवार एमआरआय. सूज साडेबारा टक्के रुग्णांत दिसली. अमेरिकेतली सुरुवातीची किंमत वर्षाला २६,५०० डॉलर. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ते फक्त अगदी सुरुवातीच्या रुग्णांसाठी आहे. दिवेलागणीला घर शोधणाऱ्या आजीला त्याचा उपयोग नाही. तिच्यासाठी आजही डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन आणि मेमँटिनच, जी लक्षणं काही काळ सावरतात, रोग थांबवत नाहीत.

हळदीचं तर काय सांगावं. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत अल्झायमरचं प्रमाण अमेरिकेपेक्षा बरंच कमी आढळलं, आणि लगेच आपल्या स्वयंपाकघराच्या नावाने जयजयकार सुरू झाला. तिथे कमी जगणं, एपीओई-४चं कमी प्रमाण आणि सौम्य आजार नजरेतून सुटणं ही साधी स्पष्टीकरणं कुणाला नको होती. हळदीतलं कर्क्युमिन तोंडाने घेतल्यावर रक्तात जेमतेम उतरतं, आणि अल्झायमरच्या रुग्णांवरच्या चाचण्यांत त्याचा फायदा दिसला नाही.

डॉक्टरांची खरी गरज वेगळ्या ठिकाणी आहे आणि तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही. विसरभोळेपणा म्हणजे अल्झायमरच असं नाही. शाकाहारी घरांत आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी असतं; थायरॉइड मंद असतो; रक्तातलं सोडियम उतरलेलं असतं; नैराश्य असतं; महिन्यापूर्वी पडल्यावर कवटीखाली हळूहळू साचलेलं रक्त असतं. झोपेसाठी, खाजेसाठी किंवा लघवीच्या घाईसाठी दिलेल्या काही गोळ्याही स्मृती झाकोळतात. यातलं बरंच काही पूर्ण किंवा अंशतः सुधारतं. रक्ताच्या चार तपासण्या, एक सीटी किंवा एमआरआय, सगळ्या गोळ्यांची पिशवी डॉक्टरांपुढे ओतणं आणि अर्ध्या तासाची स्मृतिचाचणी, एवढ्याने बरंच कळतं. चाचणी मात्र रुग्णाच्या भाषेत आणि शिक्षणाला धरून हवी. अक्षरओळख नसलेल्या बाईला ‘शंभरातून सात वजा करत जा’ म्हटलं तर ती निरोगी असूनही नापास होते. म्हणूनच बल्लभगडच्या अभ्यासासाठी हिंदीत निराळी चाचणी बेतावी लागली. आणि दोन दिवसांत अचानक बिघडलेलं वागणं हे अल्झायमर वाढल्याचं लक्षण मानू नये. लघवीचा संसर्ग, साचलेलं पोट, पाणी कमी पडणं, न सांगता आलेली वेदना हे आधी शोधावं. किती तरी ‘आता हाताबाहेर गेले’ एका अँटिबायोटिकने पुन्हा हाताशी येतात.

कायद्याच्या बाजूने म्हणाल तर २००७ सालचा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आवश्यकच होता. मालमत्ता लिहून घेऊन बापाला हाकलणारी मुलं कल्पनेतली नाहीत. त्या कायद्याने प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे महिना दहा हजारांपर्यंत निर्वाह मिळतो, फसवून घेतलेलं बक्षीसपत्र रद्द होतं, टाकून दिल्याबद्दल तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण त्याच्या डोळ्यांसमोरचा वृद्ध शुद्धीत आहे, तक्रार करू शकतो. ज्याला मुलगा कोण हेच आठवत नाही त्याच्यासाठी, आणि टाकून न देता दहा वर्षं खपणाऱ्या लेकी-सुनेसाठी, त्यात काय आहे? फारसं काही नाही. घराला शिक्षेच्या धाकाने सरळ करायचं ही कल्पना कुठवर जाते ते जपानने पाहिलं. २००७ साली आयची प्रांतातल्या ओबू शहरात ९१ वर्षांचे एक स्मृतिभ्रंशाचे आजोबा, ८५ वर्षांच्या पत्नीचा क्षणभर डोळा लागला तेवढ्यात बाहेर पडले आणि रेल्वेखाली सापडून गेले. गाड्या खोळंबल्या म्हणून रेल्वे कंपनीने कुटुंबाकडे सुमारे ७२ लाख येन मागितले, आणि २०१३ साली नागोयाच्या जिल्हा न्यायालयाने पत्नी आणि थोरल्या मुलाला ते भरायला सांगितले. या घरातली सून सासऱ्यांच्या सेवेसाठी योकोहामा सोडून जवळ राहायला आली होती. यापेक्षा अधिक संस्कार कोणते हवेत? मार्च २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घराला दोषमुक्त केलं. तोवर आठ वर्षं गेली होती.

आपल्याकडची सर्वांत मोठी कायदेशीर पोकळी मुखत्यारपत्राची आहे. आईने शुद्धीत असताना दिलेलं मुखत्यारपत्र, तिची समज गेली की आपोआप संपतं. करार कायद्याच्या कलम २०१नुसार मुखत्यारी तिथेच सरते. म्हणजे ज्या दिवसासाठी ते केलं त्याच दिवशी ते कागदाचा तुकडा होतं. इंग्लंडमध्ये समज गेल्यावरही चालू राहणारं मुखत्यारपत्र आहे, आपल्याकडे नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो, पण तो उपचारांपुरता; पैशाला त्याचा हात लागत नाही. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यातली पालकत्वाची सोपी वाट स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी अशांसाठी आहे, स्मृतिभ्रंशासाठी नाही. मग आईच्याच मुदतठेवीतून आईचं औषध आणायला लेकीला उच्च न्यायालयात रिट करावी लागते. कायदा बदलेपर्यंत शहाणपण एवढंच, की निदान झाल्याझाल्या, सही स्थिर आहे तोवर, बँकखाती ‘दोघांपैकी कोणीही’ या स्वरूपात करून घ्यावीत, इच्छापत्र दोन साक्षीदारांसह नोंदवावं आणि त्याच तारखेचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडावं, आणि शेवटच्या उपचारांबद्दलचं वैद्यकीय इच्छापत्र करावं, जे २०२३ पासून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे होतं. लपवण्याची किंमत इथे कळते. ही सगळी कामं पहिल्या दोन-तीन वर्षांतच होऊ शकतात, आणि ती वर्षं आपण लोक काय म्हणतील यात घालवतो.

राहिला पैशांचा आक्षेप. कुपोषित मुलं असलेल्या राज्याने म्हाताऱ्यांवर खर्च का करावा? प्रश्न खरा आहे. पण आज खर्च होतच नाही असं नाही. तो बायकांच्या सोडलेल्या नोकऱ्यांतून, मोडलेल्या दागिन्यांतून होतो, फक्त कुठल्या अंदाजपत्रकात दिसत नाही. केंद्र सरकार आपल्या महिला कर्मचाऱ्यांना मुलांसाठी ७३० दिवसांची बालसंगोपन रजा देतं. वडिलांना भरवायला मात्र वेगळी रजा नाही. २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान भारतचं पाच लाखांचं कवच मिळालं, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. अल्झायमरचा माणूस रुग्णालयात नसतो, घरी असतो. श्रीमंत जर्मनीचीसुद्धा हीच चूक झाली होती. १९९५ साली त्यांनी दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा आणला, पण गरज मोजली ती अंघोळ, जेवण, हालचाल यांच्या मिनिटांत. धडधाकट शरीराचा पण सतत लक्ष ठेवावं लागणारा स्मृतिभ्रंशाचा रुग्ण त्यात बसेना. हे मोजमाप मुळातून बदलायला २०१७ उजाडावं लागलं.

आणि जर्मनीइतका पैसा लागतो असंही नाही. गोव्यातच त्याची परीक्षा झाली आहे. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ८१ कुटुंबं होती. त्यातल्या निम्म्यांकडे सहा महिने, निदान पंधरवड्यातून एकदा, एक गृहसल्लागार जाई. तिची पात्रता काय? स्थानिक भाषा, लिहिता-वाचता येणं, शक्यतो बारावी, आणि आठवडाभराचं प्रशिक्षण. मागे एक अर्धवेळ मनोविकारतज्ज्ञ. ती आजार समजावून सांगे, अंघोळीचा किंवा रात्रीचा प्रश्न सोडवायला मदत करी, घरातल्या बाकीच्यांना कामात ओढी, सरकारी योजनांचे अर्ज भरून देई. रुग्णांच्या वागण्यात खात्रीने सांगता येईल असा फरक पडला नाही, हेही नोंदवायला हवं. पण सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य स्पष्टपणे सुधारलं. तान्ह्या बाळांना डॉक्टरशिवाय कोण वाचवणार, असं गडचिरोलीतही म्हणत होतेच. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांतल्या बायकांना शिकवलं आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले. १९९९ साली हे जगापुढे आलं आणि पुढे तेच घरोघरच्या भेटींचं काम देशभर आशा स्वयंसेविकांकडे गेलं.

तसंच हेही काम आशांकडे द्या, अशी सूचना आता येईल. तिथे मी सावध राहीन. आशा आजही कर्मचारी नाही, तिला मानधन मिळतं आणि त्यासाठी तिला पुन्हा पुन्हा संपावर जावं लागतं. तिच्या लांबलचक यादीत ‘वृद्धांची स्मृती’ ही आणखी एक ओळ फुकट जोडली तर सुनेचं बिनपगारी काम दुसऱ्या बाईकडे ढकललं, इतकंच होईल. गृहसल्लागाराचं पद वेगळं हवं, पगारी हवं, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला किमान एक. रक्तदाब-साखरेच्या शिबिरात साठीपुढच्यांची स्मृती आणि कान तपासले जावेत आणि नापास होणाऱ्यांची नावं तिच्याकडे जावीत. नगरपालिकांनी तळमजल्यावरचा एखादा समाजमंदिराचा हॉल सकाळी दहा ते पाच दिवसाच्या केंद्राला द्यावा, ने-आण करणाऱ्या गाडीसह. गाडी नसली तर केंद्र ओस पडतं, कारण रिक्षात बसायला नकार देणाऱ्या आजोबांना तिथवर आणायचं तरी कुणी?